सत्तावीस मोर

निबंध होता – "मी पाहिलेला पक्षी".
सगळ्या वर्गानं मोर लिहिला.
सत्तावीस मोर एका खोलीत!
(आमच्या पाड्यावर मोर आहेत, पण इतके नाहीत.)
मी एकटीनं लिहिला रानपिंगळा.

बोरसे सर अमळनेरचे. लाल पेन. मोठी फुली.
"घुबड दिवसा झोपतं, रेवली.
पाहून लिहिलंस, की झोपेत?"
मागच्या बाकावरचा दाज्या हसला.
त्याच्या मागे नुसती भिंत,
तीही हसली असं मला वाटलं.

पाहूनच लिहिलं होतं, सर.
हे बघा:

रानपिंगळा केवढा?
वीतभर, वर एखादं बोट.
गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर
कुणी तांदूळ सांडलेत, असे ठिपके.
याचं डोकं जवळजवळ कोरं,
याच्यापर्यंत येता येता तांदूळ संपले.
पोट पांढरं, वेचलेल्या कपाशीसारखं,
आणि पायांत पिसांचे पांढरे मोजे.
बिनचपलेचा, पण मोजे मात्र रोज!

थंडीत ऊन वर आलं
की सागाच्या उघड्या शेंड्यावर बसतो
आणि शेपटी हलवतो,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
शहादा-धडगाव एसटीच्या वायपरसारखी.
(इथे सरांनी समासात लिहिलंय:
"उपमा नको. माहिती लिही.")

खातो काय?
सरडे, उंदीर, बेडूक, नाकतोडे.
सापसुरळी अर्धी आत, अर्धी बाहेर,
चोचीतून मिशीसारखी लोंबते.
पोट भरलं तर उरलेलं लपवून ठेवतो,
आई शिंक्यावर भाकरी ठेवते तसं.

घर बांधायचा त्याला कंटाळा.
सुतारपक्षी ढोली कोरतो, सोडून जातो,
मग हा राहायला येतो. भाडं नाही, पावती नाही.
मादी अंड्यांवर बसली
की नर तिचा डबा पोचवतो,
वेळेवर.
आमच्या शाळेतल्या खिचडीपेक्षा वेळेवर.
(हे वाक्य सरांनी खोडलं.)

आणि सगळ्यात भारी गोष्ट,
हा पक्षी एकशे तेरा वर्षं हरवला होता!
मोठमोठे अभ्यासक म्हणाले, संपला बिचारा.
कुणी संग्रहालयातला पेंढा भरलेला पिंगळा चोरला,
चिठ्ठीवर भलताच पत्ता लिहिला,
आणि लोक जाऊन भलतीकडेच शोधत बसले.
मग एका सकाळी, आपल्या शहाद्याजवळ,
दिसला. झाडावर. उघड्यावर. उन्हात.

बाबा वनमजूर. त्याला हे वाचून दाखवलं
तर तो बिडी विझवून म्हणाला,
"हारपेल व्हता? आमले कोणी इचारंच नही!"

शनिवारी सकाळची शाळा सुटली.
सर म्हणाले, "चल, दाखव."
चढावर सरांचा श्वास पुढे, सर मागे.
दाज्याही आला, हसायला.
कोरड्या नाल्यापाशी बाबानं हात वर केला.
आम्ही थांबलो. पाचोळाही थांबला.

समोर साग. सागावर तो.
पिवळे डोळे. मोजे. कोरं डोकं.
आमच्याकडे असा बघत होता
की हजेरीच घेतोय.
मग शेपटी हलली –
इकडून तिकडे. तिकडून इकडे.

दाज्या हसायचं विसरला.
सर किती तरी वेळ काही बोलले नाहीत.
मग हळूच, स्वतःशीच म्हणाले,
"वायपर... वायपरच की गं!"

वही सोमवारी परत मिळाली.
फुली तशीच आहे,
तिच्या डोक्यावर एक छोटंसं बरोबर बसलंय,
शेंड्यावर पिंगळा बसावा तसं.
खाली सरांच्या अक्षरात एक प्रश्न:
"मग रात्री हा काय करतो?"

मला नाही माहीत.
बाबालाही नक्की सांगता येईना.
आज रात्री तो फेरीवर जाणार आहे.
मी बॅटरीचे सेल काढून, पुसून,
परत घातलेत.