बाकी

साडेसातला क्लास सुटतो.
ढिगातून मुली आपापल्या चपला शोधेपर्यंत
मी टीव्ही लावते, आवाज न देता.
आवाज तसाही वृंदाचा नसायचा.

पहिल्या मालिकेत बेंगळूरच्या कुणा बाईचा गळा
तिच्या ओठांवर बसवला,
हिच्या कन्नडला म्हणे मराठी लागत होती.
मुंबईत गेली तर दिग्दर्शक हसला,
"तुम्ही बोलता की गाता?"
"आलो की"चं "आले हं" करायला
एक माणूस ठेवून दिला, रोज दीड तास.

वडगावात त्यांचे दोन माग.
आम्ही एका सायकलवर टिळकवाडीला यायचो,
दुसऱ्या गेटाशी अडकलो
की ती डांबरावरच ताल धरायची,
मालगाडी संपली तरी.
हिरेमठ टीचर कन्नडमधून रागवायच्या,
आम्ही मराठीतून रडायचो.

बारावीच्या दिवाळीत साडीच्या दुकानाचं कॅलेंडर निघालं.
सहा पानं, सहा साड्या, सगळीकडं हीच.
पैशांऐवजी एक साडी मिळाली,
सप्टेंबर-ऑक्टोबरची.
काकूंनी ती उलटी करून काठ बघितला.
"हे तर आपल्याच गल्लीतलं," म्हणाल्या
आणि हसायच्या का रागवायच्या ते विसरून गेल्या.

मग हुबळीत रॅम्प.
मग सोन्याच्या दुकानाचा फलक, बसस्टँडासमोर,
वीस फूट.
चेहरा अर्धाच, हार पूर्ण.

आणि मालिका. आठ वर्षं वाईट जाऊ.
कॅमेरा तिच्या भुवईवरून हललाच नाही,
डावी भुवई वर, तीन बाजूंनी, तीनदा.
टीचर असत्या तर ओरडल्या असत्या, पाय कुठायत?
एकदाच दाखवले. माप ओलांडताना
उजव्या पायाचा क्लोजअप.
अंगठ्याहून लांब बोट,
घोट्यावर घुंगरांनी घासलेला काळा वण.
"बघा," मी पोरींना ओरडून सांगितलं,
"तांदूळ लवंडताना पण पाऊल कसं सरळ ठेवलंय बघा!"
पोरी म्हणाल्या, नेलपेंट छान आहे.

या मार्चमध्ये करारावरून काहीतरी फिसकटलं.
गुरुवारी तिची गाडी घाटातून खाली गेली,
शुक्रवारी दिवाणखान्यात फोटो लागला, चंदनाचा हार.
फोटो आमच्या खडेबाजारातला.
पोर्टफोलिओचा, पहिला,
स्टुडिओच्या काचेत अजून असलेला.
काकूंनी टीव्ही बंद केला नाही.
उठून पदरानं काच पुसत राहिल्या,
हार होता तेवढीच.
सकाळी दुकान उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसल्या,
"पहिलं त्यो काचेतला उतरव."

रविवारी ती आली. एक बॅग, डोळ्यांखाली काळं.
मागच्या रांगेत, लहान पोरींच्यात उभी राहिली.
मी ताल थांबवला नाही.
अर्ध्या बैठकीत गुडघे कडकड वाजले,
तरी पाय पडला तो फरशीला विचारून नाही.
भिंतीवरचा टीचरांचा फोटो जरा हलला.
(तोही हारातला. त्याची मला तोवर सवय होती.)

एका पोरीनं वळून विचारलं,
"टीचर, ही मेलेली न्हवं?"
"मेलो की," वृंदा म्हणाली,
"पाय तेवढे दुखालेत."

नंतर पाणी पिताना म्हणाली,
"माझी फी ऱ्हायली असंल बघ मागली."
टीचरांची वही अजून माळ्यावर.
कन्नड अक्षरात तिचं नाव सापडलं,
पुढं जुलै, बाकी दीडशे.
माझ्याही नावापुढं काहीतरी होतं,
ते पान मी पटकन उलटलं.

तिनं दोनशे दिले.
पन्नास सुटे नव्हते माझ्याकडं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली, चपला शोधत,
"उद्या येतो की."