दीड तास अगोदर

दिल्लीत साडेदहा वाजतात तेव्हा मस्कतमध्ये नऊ.
म्हणून तो नकार आम्हाला सकाळी लवकर मिळाला
आणि दिवसभर दीड तास जास्त सांभाळावा लागला.

मी नाइट करून नुकतीच आले होते,
पायातले मोजेही काढले नव्हते.
सुकेशिनीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता,
आवाज अगदी बारीक.
रुवीतल्या या इमारतीच्या भिंती पातळ,
आणि पलीकडे कोट्टयमच्या तिघी राहतात,
मनाने चांगल्या, कानाने त्याहून चांगल्या.

पाच खुर्च्या. लांबच लांब इंग्रजी.
मधेमधे आमच्याबद्दल कळवळा,
जसा मी नातेवाइकांना देते
आतली बातमी सांगायच्या अगोदर.
हा सूर मी ओळखते, रोज लावते.
मी म्हटलं, सुके, बंद कर. पेशंट गेला.
ती म्हणाली, थांब गं, अजून वाचतायत.

तिचे वडील पुलगावच्या दारूगोळा डेपोत होते.
रेडिओवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर घटना.
जेवण झालं की एक कलम, मग झोप.
'व्यक्ती' लिहिलंय बघ, ती मला सांगायची,
बाई नाही, बाप्या नाही. व्यक्ती.
आमच्यात पहिल्यांदा कोण काय बोललं ते मी विसरले,
हे तेवढं राहिलं.

खटला चालू असताना सरकारने लिहून दिलं होतं
की ही शहरी, उच्चभ्रू लोकांची कल्पना.
त्या दिवशी ती बादलीत युनिफॉर्म भिजवत होती
आणि मी निघाले होते मिरजेला
भावाच्या छपराच्या पत्र्यांसाठी पंचेचाळीस रियाल पाठवायला.
ओ उच्चभ्रू, ती म्हणाली,
येताना नीळ आणा.

संसदेने ठरवावं, असं निघालं शेवटी.
समिती बसेल. रेशनकार्डाचं बघेल, बँकेच्या खात्याचं बघेल.
आमचं रेशनकार्ड नाहीच कुठे.
तिचं नाव वहिनीने कमी केलं, माझं आईने.

आणि इथे तर दाद मागायला दारच नाही.
इथे तो शब्द आम्ही मराठीतही उच्चारत नाही.
पण इथेच अकरा वर्षं एक कुकर, एक किल्ली,
कारण इथे आम्हा दोघींना सगळेच सिस्टर म्हणतात:
नातूर, टॅक्सीवाला, पाण्याचे कॅन आणणारा पोरगा.
कुणी विचारत नाही, आणि आम्ही खोटं बोलत नाही.

फक्त फेब्रुवारीत, तिच्या पोटातली गाठ काढायची होती तेव्हा
काउंटरवर शम्साने फॉर्म पुढे सरकवला.
पेशंटशी नातं. सातवा रकाना.
हा रकाना मी हजार लोकांकडून भरून घेतलाय,
लवकर करा, थिएटर तयार आहे, असं म्हणत.
कुणाचा हात तिथे का अडखळतो
ते मी कधी पाहिलं नव्हतं.
उख्त? शम्साने विचारलं.
उख्त, मी म्हटलं.
तिने दोन्ही कार्डं पाहिली.
सुकेशिनी मारोती. एस्तेर दानियल.
बापाचं नाव वेगळं, देव वेगळे.
मग पेनाचं टोपण लावलं, शिक्का मारला,
आणि बाहेरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं,
एसीच्या झोतापासून लांबची होती ती खुर्ची.

त्या सकाळी फोन बंद झाल्यावर
सुके ओट्यापाशी उभी राहिली, मसूर निवडत.
मसुरात खडा नव्हता. पाकिटातला मसूर होता.
मी मोजे काढले. पायांवर रबराचे वळ होते,
ते पुसट होईपर्यंत बघत बसले.

आमचेही साडेदहा वाजले.
तिने हात धुतले, विचारलं,
पुढे काही असतं ना? वरचं कोर्ट?
वरचं नाही. तिथेच पुन्हा अर्ज करतात,
पुनर्विचार म्हणतात त्याला.

बरं, ती म्हणाली, आणि पडदा ओढला.
झोप आता. रात्री ड्यूटी आहे तुला.