पाचवं बोट

हुकूमशाही गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट.
सेतुबालच्या त्या गल्लीत सगळ्यालाच मासळीचा वास,
आमच्या शाईलासुद्धा.
सार्डिनच्या होड्या लागल्या की कारखान्याचा भोंगा व्हायचा,
रात्रीचे दोन असोत की तीन,
आणि बायका ओले एप्रन बांधत धावायच्या.

त्यांच्यातली देओलिंदा एकदा आमचा जिना चढून आली,
कोपरापर्यंत खवले,
आणि मूठ वळून उभी राहिली.
आन्सेल्मू म्हणाला, अशीच राहा.
चाळीस मिनिटं राहिली. मधे एकदा शिंकली.

चित्र झालं तेव्हा तिनं बोटं मोजली.
पाच.
तिच्या हाताला चार.
एक झाकणं दाबणाऱ्या यंत्रात गेलेलं,
नाताळच्या आदल्या आठवड्यात.

आन्सेल्मू शिकलेला. त्यानं समजावलं:
पोस्टर वीस पावलांवरून वाचतात, चालता चालता.
चार दिसली तर माणसं बोटंच मोजत बसतील,
खालची मागणी राहील बाजूला.

खालची मागणी होती: यंत्रांना जाळी बसवा.

ती हसली नाही. म्हणाली,
पाची शाबूत आहेत, तर जाळी कशाला?

मी काही बोललो नाही. मी खळ ढवळत होतो.
पावाचं पीठ भिंतींना फासता म्हणून
खालची बेकरीवाली आम्हाला शिव्या घालायची,
आणि पीठही तीच द्यायची.

दोनशे प्रतींनंतर लाल संपला.
मग होडीच्या बुडाला गंजू नये म्हणून लावतात तो रंग
देओलिंदाच्या भावानं डबाभर आणून दिला.
उरलेल्या ऐंशी मुठी विटकरी निघाल्या.

रातोरात चिकटवल्या.
सकाळी त्यांच्यावर दुसऱ्या पक्षाचा तारा,
दुपारी ताऱ्यावर सर्कस,
आणि मग पाऊस. सगळे एकदमच सोलून आले
भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे.
जाळ्या बसल्या, दीड वर्षानं, तिची रांग सोडून.
पुढं कारखानाच बंद झाला.

परवा लिस्बनला गेलो, आम्ही दोघं म्हातारे,
तिच्या नातीनं तिकिटं काढली होती.
काचेमागं मूठ. विटकरी.
गाईड पोरांना सांगत होती,
लाल टाळून इथं मुद्दाम मातीचा रंग घेतलाय,
जमिनीशी नातं सांगायला.
मी देओलिंदाकडं पाहिलं. तिनं डोळ्यांनीच दटावलं.
झाकली मूठ.

पोस्टर कशासाठी असतं? गाईडनं विचारलं.
एक पोरगं म्हणालं, चिकटवायला.
बाकीची हसली.
मला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली, पण ते लांब होतं.

बाहेरच्या दुकानात तीच मूठ पिशव्यांवर, कपांवर.
देओलिंदानं एक पोस्टकार्ड घेतलं, सुटे मोजून,
आणि परतीच्या बसमध्ये, पूल ओलांडेपर्यंत,
नखानं तिसरं बोट खरवडत बसली.

निघालं नाही.

छपाई चांगली आहे, माझ्याकडं न बघता म्हणाली,
तुमच्यापेक्षा.