लुकलुक

मारिसेल बोटीतून उतरली तेव्हा
तिच्या पिशवीत चार दिवे होते,
मुठीएवढे, डोक्यावर काळी चकती घेतलेले.
म्हणाली, दोन्या एदुविना, हे दिवसा ऊन पितात
आणि रात्री आपल्या मर्जीनं लुकलुकतात.
रानमांजराला वाटतं, माणूस जागा आहे.

मी हसले. ऊन? चिलोए बेटावर?
आमच्याकडे पाऊस थांबतो
तो फक्त दम घ्यायला.

तरी लावले. खुराड्याच्या चार कोपऱ्यांना चार,
ग्विन्याच्या डोळ्यांच्या उंचीवर,
फाटक्या जाळ्याच्या दोरीनं आवळून.

बाल्तासारची रीत वेगळी होती.
लोखंडी सापळा, आणि दारावर खिळ्यांनी ताणलेलं
एक ठिपक्यांचं कातडं,
माझ्या स्वेटरच्या बाहीएवढं.
हे बघून बाकीच्या शहाण्या होतील, म्हणायचा.
एकही झाली नाही.
त्याच वर्षी सात कोंबड्या गेल्या, मानेशी दोन भोकं.
लोक म्हणाले, ती रक्तच पिते, मांसाला तोंड लावत नाही.
बाल्तासारला जाऊन तीन हिवाळे झाले.
कातडं मी उतरवलं. खिळे आहेत.

पहिल्या रात्री आधी कोंबड्याच बिथरल्या.
बिनशेपटीच्या खुडूक बाईंनी अंड्यांवरून न उठता
एक डोळा उघडला, दिव्याकडे असं पाहिलं
जसं न बोलावलेल्या पाहुण्याकडे पाहावं.
कोंबडा मध्यरात्रीच तीनदा आरवला.
आणि खाडीत लिसांद्रोला वाटलं, कुणी नवा धक्का बांधला.
बोट घेऊन तो सरळ माझ्या बटाट्यांच्या रोखानं निघाला,
चिखलात रुतल्यावर मला नावानिशी शिव्या दिल्या.

पण अकरा होत्या त्या अकराच राहिल्या.
सकाळी मोजायची: अकरा.
निळसर अंडी एप्रनमध्ये घेऊन परत मोजायची.

मग जूनमध्ये नऊ दिवस
चकत्यांना प्यायला काही मिळालं नाही.
एकेक दिवा मंदावला.
चौथा जाता जाता दोनदा लुकलुकला
आणि अंधार खुराड्याला खेटून बसला.

मी बाल्तासारचा पोंचो चढवला, टॉर्च घेतला,
खोकं उपडं घालून त्यावर बसले.
लाव. थांब. विझव.
ताल धरायचा नाही, मारिसेलनं बजावलं होतं,
ताल कळला की ती शिकते.
आता बिनतालाचं वागायचं म्हणजे
सत्तरीच्या बाईला किती अवघड!
अंगठा आपोआप
चर्चच्या घंटेसारखा पडायला लागतो.

तीनच्या सुमाराला, कनेलोच्या झाडाखाली
दोन हिरवे ठिपके.
विझव.
लाव. होतेच. थोडे डावीकडे.

एवढीशी!
माझ्या किटलीहून जरा मोठी.
दोघींच्या अंगावरून पाणी निथळत होतं.
अंगठा तसाच राहिला, उजेड स्थिर झाला,
ती पुढचा पाय उचलून थांबली,
जणू मीच काही विचारलं होतं.

मग आत खुडूक कुरकुरली
आणि मला आठवलं, मी कुणाच्या बाजूची.
विझव, लाव, लाव, विझव.
शेवटी तिथं नुसती पानं होती.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, म्हणतात.
आमचा तर उघड्यावर घसा फोडत होता,
तरी उजाडेना.

दहाला ढग फाटला, बटाट्याच्या वाफ्याएवढा.
चारही दिवे सोडवले,
आणि तान्ह्या पोरांना ऊन दाखवावं तसे
अंगणातल्या त्या उजेडामागे
इकडून तिकडे घेऊन फिरले.
लिसांद्रोनं कुंपणावरून विचारलं, काय गं, वेड लागलं?
मी म्हटलं, मोजू दे.

अकरा.
तिला धरलं तर बारा.