अर्धी कॉट

अशोक चौकाच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत
खिडकीकडची कॉट
रात्री नऊ ते सकाळी सात माझी.
उरलेले तास अंबादास म्याकलचे,
तो टॉवेलच्या कारखान्यात रातपाळीला.
पूर्ण कॉट अठराशे, अर्धी नऊशे.
हत्तुरे मालकांनी कॅलेंडरच्या पाठीवर
पेन्सिलीने रेघ मारून दाखवली होती,
बांध घालावा तशी.

आम्ही भेटतो ते दारात.
तो येतो, केसांत कापसाची भुरी,
मी निघतो, मुठीत केगावच्या बसचे सुटे पैसे.
त्याचं "आं", माझं "हां".
बाकी सगळं गादी सांगते:
उजव्या कुशीवर झोपतो,
पाय पोटाशी घेतो.
मधे एक खळगा आहे, माझ्या मापाचा नाही.
पहिले पंधरा दिवस मी त्याच्या काठावर झोपलो,
मग घसरत गेलो आत.

पण बुधवारी माग बंद.
बुधवारची रात्र त्याची,
तसं ठरलंच होतं रेघेच्या वेळी.

म्हणून बुधवारी मी यष्टीत झोपतो.
स्टँडवरून अकराची तुळजापूर,
मागून दुसरं बाक, न लागणारी खिडकी.
तामलवाडीपर्यंत जागा असतो, पुढे नाही.
तुळजापुरात बाकड्यावर तीन तास,
भक्तांच्या पडशांमध्ये मीही एक पडशी,
मग साडेतीनची परत.
जाऊन येऊन दीडशे, चार बुधवारचे सहाशे.
नऊशे अन् सहाशे पंधराशे,
अठराशेतून गेले, उरले तीनशे.
मी संख्याशास्त्राला आहे, एम.एस्सी. भाग दोन.
हे तीनशे मी चार रीतींनी काढून पाहिले,
दर वेळी तीनशेच येतात
आणि झोप कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आईला फोनवर सांगितलंय,
खोली चांगली आहे, हवा भरपूर येते.

कंडक्टर सुगंधाबाईंनी तिसऱ्या बुधवारी विचारलं,
"नवस हाय का रे काय, दर आठवड्याला?"
मी म्हणालो, "हो."
मशीनमधून तिकीट ओढताना म्हणाल्या,
"लवकर फिटू दे बाबा."

गेल्या बुधवारी तामलवाडीच्या अलीकडे
गाडीचा पट्टा तुटला.
कांद्याच्या टेम्पोत, पोत्यांवर आडवा होऊन
मी उलटा सोलापुरात, रात्री दीड वाजता.
गल्लीत पाणी आलं होतं, पाचव्या दिवशीचं.
बायका पाइप या डब्यातून त्या डब्यात टाकत होत्या,
एकीने मला नुसतं बाजूला हो म्हटलं,
एवढ्या रात्री कुठून, हे कुणीच नाही.

दार ढकललं. उंबऱ्यातच उभा राहिलो.
म्याकल जागा होता की झोपेत, अजून माहीत नाही.
"काय करालास बे भाईर? ये की आत,"
म्हणाला आणि भिंतीकडे सरकला,
रेघ होती त्याच्याही पलीकडे.

त्या खळग्यात दोघे मावत नाहीत.
दोघांचेही गुडघे बाहेर,
त्याच्या बनियनला खळीचा वास, माझ्या शर्टाला कांद्याचा.
मला झोप लागली नाही.
नाही, लागली. सातला जाग आली म्हणजे लागलीच असणार.

हत्तुरे मालक दारात उभे होते,
चपलांच्या दोन जोडांकडे बघत,
कानामागे पेन्सिल चाचपत.