सतरा नंबर

आमच्या दुकानात जीन्सचा अख्खा मजला आहे
आणि त्या मजल्यावर आम्ही जीन्स घालायची नाही.
जिन्याच्या तोंडाशी लॅमिनेट करून लावलंय,
बिराजदार सरांच्या सहीसकट:
काळी पँट, मरून टी-शर्ट, केस बांधलेले,
डेनिम चालणार नाही.

काळ्या पँटला खिसे आहेत,
म्हणजे खिशांची तोंडं आहेत नुसती.
रुजू झाले त्या दिवशी टेलरनं ती शिवून टाकली माझ्यासमोर.
दातानं दोरा तोडत म्हणाला,
मनावर घेऊ नको ताई, समद्यांचीच शिवतो.
तेव्हापासून उभं राहताना
हातांचं काय करायचं ते कळत नाही.

वैशाखात नळ दहाव्या दिवशी आला.
काळ्या कापडावर लातूरची धूळ लांबून वाचता येते
आणि पँट एकच.
मी घरची काळी जीन्स काढली.
नारिंगी टाक्यांवर मार्कर फिरवला,
तांब्याच्या टिकल्यांना काळं नेलपॉलिश, दोन हात.
लांबून पँट.
जवळूनही पँटच, दैवशाला म्हणाली,
आणि दैवशाला सहसा खोटं बोलत नाही.

सर सभ्य माणूस. मांडीकडे बघत नाहीत.
त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं
आणि बुटांनाच विचारलं, हे काय?
काळी पँट, सर.
खिसे किती?
पाच, म्हणाले. ऐन वेळी खोटं सुचलंच नाही.
अर्धा दिवस कट.

चौथ्या दिवशी औशाकडची बाई आली,
इरकलीचा पदर कमरेला खोचलेला,
मागं लेक. क्लासला ठेवायची इथं, डॉक्टर करायची,
होस्टेलच्या पोरी असलंच घालतात म्हणे.
पोरगी ट्रायल रूमच्या दारापर्यंत गेली
आणि तिथंच फरशी मोजत राहिली.
लेकरू लाजलालंय, बाई म्हणाली,
माप तर तुझंच दिसतंय.
तूच घालून दाखव की माय.

मी सरांकडे बघितलं.
त्यांच्या डोक्यावर दुसरी पाटी होती:
गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही.
सरांनी ती वाचली. मग मान वळवून जिन्याकडची वाचली.
मग बाईच्या हातातला नोटांचा रुमाल.
दाखवा, म्हणाले.

अठ्ठावीस कंबर, गडद निळी.
आत मी घाई केली नाही.
बाहेर आले, आरशापर्यंत चालून दाखवलं,
वाकून दाखवलं,
फरशीवर मांडी घालून बसून दाखवलं,
कारण पोरगी अभ्यासाला खालीच बसते.
मग उभी राहिले
आणि हात आपोआप गेले.
दोन्ही. पंजे मनगटापर्यंत आत.
सरांनी छत बघितलं.

हा बारका कशाला? पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं,
खिशातल्या खिशाला बोट लावून.
तीन वर्षं विकते, मला ठाऊक नाही.
असंच काहीबाही ठेवायला, म्हटलं,
आणि दाखवायचं म्हणून लॉकरचं टोकन सरकवलं त्यात.
नेमकं मावलं.
पोरगी हसली.
हीच पाहिजे, म्हणाली. पॅकमधली नवी नको. हीच.

घडी मीच घातली. पिशवीही मीच दिली.

रात्री गेटवर शहाजादबीनं
रोजच्यासारखा शिवलेल्या खिशांवरून हात फिरवला
आणि म्हणाली, टोकन?

मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

रजिस्टरात लिहिलं: सतरा नंबर, गहाळ, पन्नास रुपये.
कसं हरवलं, या रकान्यात
मी एक रेघ ओढली आणि सही केली.

गंजगोलाईकडून चालत निघाले.
दुकानं मिटत होती, हात नुसते हलत होते दोन्ही बाजूंनी.
म्हटलं, हलू द्या.