सहीवर जाणारं टपाल

चव्वेचाळीस वर्षं एमॉरी टॅकेटनं
पाकिटाला तिकीट लावलं नाही.
कोपऱ्यात सही केली की झालं,
प्रतिनिधींसाठी कायदाच तसा.
तिरकी सही, शेवटचे दोन टी एकाच रेघेत कापलेले,
जशी ओंडके मोजणारा खूण करतो.
त्याचा बाप खरंच ओंडके मोजायचा,
ब्रायर फोर्कच्या गिरणीत.

मी डेल्बर्ट. त्याची गाडी चालवायचो,
शनिवार-रविवार, आणि निवडणुकीच्या वर्षी रोजच.
केंटकीच्या डोंगरातली वळणं त्याला झोपेत पाठ.
डोळे मिटून म्हणायचा,
आता गिब्सनचं गॅरेज,
आता ती पिवळी कुत्री भुंकेल.
भुंकायची.

बावीस निवडणुका जिंकला.
काळी फुफ्फुसं घेऊन घरी बसलेल्यांचे पैसे आणले त्यानं,
तीन-तीनदा परत आलेले अर्ज
स्वतःच्या काखेत मारून खात्यात नेले.
एका युद्धाला हो म्हणाला,
मग हॅट हातात धरून
अकरा घरांच्या पायऱ्या चढला.
बाराव्या घरानं दार उघडलं नाही.
काळोख पडेस्तोवर आम्ही गाडीत बसून राहिलो,
रेडिओ न लावता.

आणि धरण आणलं.
दर तिसऱ्या वसंतात खोऱ्यात शिरणारं पाणी थांबलं,
हे खरं आहे.
वरच्या अंगाला जुनं ब्रायर फोर्क बुडालं,
हेही.
नव्वद घरं, बाप्टिस्ट चर्च,
बापाची गिरणी,
ओडेसा प्रुइटची नासपतीची चौदा झाडं.

ओडेसाचं पत्र दर ऑक्टोबरात यायचं.
नमस्कार नाही, शिवी नाही.
एकच ओळ:
*यंदा किती लागली असती?*

पहिल्या वर्षी त्यानं दिलगिरी लिहिली.
दुसऱ्या वर्षी भरपाईचा तपशील, कलमांसकट.
तिसऱ्या वर्षी कागद रात्रभर टेबलावर कोराच.
पहाटे लिहिलं:
*सहा पेट्या. पाऊस बरा होता.*

तेव्हापासून असंच.
वॉशिंग्टनात अंदाजपत्रकावर मतदान चालू,
घंटा वाजतेय, पोरं धावतायत,
आणि हा खांबाआडून मला फोन करतोय:
डेल्बर्ट, एप्रिलात तिकडे हिव पडलं होतं का?
फुलोऱ्याच्या आधी की नंतर?
मी शेतकी कचेरीत विचारून सांगायचो.
*दोनच पेट्या. मोहोर जळला.*
खोटं लिहायचं नाही म्हणायचा,
बाई शेतकरी आहे, तिला कळतं.

तेविसाव्या खेपेला तीनशे अकरा मतांनी पडला.
जिंकलेला पोरगा भला होता,
त्याच्या आजीचं पेन्शन यानंच सोडवलेलं.
खोकी भरताना भिंतीवरच्या तसबिरी मला दिल्या,
पत्रांचा गठ्ठा स्वतः उचलला.

पुढच्या ऑक्टोबरात पत्र घरच्या पत्त्यावर आलं.
अक्षर आता कापरं.
त्यानं उत्तर लिहिलं, कोपऱ्यात सही केली,
मी पोस्टात टाकलं.
त्या पोस्टाच्या दारावर पितळी अक्षरांत
त्याचंच नाव आहे.
तिसऱ्या दिवशी पाकीट परत,
वर लाल शिक्का: तिकीट नाही.

बराच वेळ बघत राहिला शिक्क्याकडे.
मग हसला, खोकला येईपर्यंत.
तिकीट केवढ्याला मिळतं रे?
मी सांगितलं.
एवढं? म्हणाला.
ते दर ठरवणाऱ्या कायद्यावर
चारदा मत दिलेलं त्यानं.

हल्लीची तिकिटं नुसती सोलून चिकटवायची,
तरी त्यानं जीभ लावलीच.
अंगठ्यानं दाबून धरलं,
जखमेवर कापूस धरावा तसं.

पाकीट उघडंच होतं, मी वाचलं.
वाचायला नको होतं.
*नऊ पेट्या,* लिहिलं होतं,
*वरच्या फांद्यांना शिडी लागेल.
माझ्याकडे आहे.
आता वेळही आहे.*